कोणतं सर्टिफिकेट करू? देगलूरमधून बघितलेला शंभर वर्षांचा हिशोब

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे. शब्द बदलतात, प्रश्न तोच. 'दादा, बीएस्सी कॉम्प्युटर झालंय, आयटीत जायचंय, कोणतं सर्टिफिकेट करू?' कुणी मुखेडचं, कुणी नायगावचं, कुणी उदगीरचं, आणि आमच्या देगलूरची पोरं-पोरी तर लयच. कुणी विचारतं सीसीएनए करू का, कुणी म्हणतं क्लाउड करू का, कुणी म्हणतं एमएस-सीआयटी झालंय, आता पुढं काय?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलंय, घर देगलूरचं. एका ओळीत 'हे कर' असं सांगता आलं असतं. पण असं उत्तर दोन-तीन वर्षांत शिळं होतं, आणि तोवर तुमचे पैसे गेलेले असतात. त्यापेक्षा आपला इतिहासाचा पॉडकास्ट आहे तर इतिहासालाच विचारू. आपल्या भागात गेल्या शंभर वर्षांत नोकरीसाठी कोणकोणते कागद लागले, ते कुणी मागितले, आणि ते कधी बिनकामाचे झाले? हे बघितलं की आजच्या सर्टिफिकेटांच्या गर्दीत उभं राहून निवड करणं सोपं जातं.

पूर्ण एपिसोडभर एक प्रश्न खिशात ठेवा: हा कागद मागतंय कोण?

पहिला कागद: दफ्तराची भाषा

कॉम्प्युटर यायच्या लय आधीपासून सुरू करू. देगलूर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातलं गाव. घरात मराठी, बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड सगळंच. पण कचेरीत उर्दू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संस्थानाने फारसी बाजूला करून उर्दू ही कारभाराची भाषा केली, आणि १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे त्या काळातल्या देगलूरच्या पोराला सरकारी चाकरी पाहिजे असेल तर त्याची 'एंट्री लेव्हल' पात्रता होती उर्दू लिहिता-वाचता येणं. आजही जुन्या जमिनीच्या कागदांत उर्दू सापडतं ते त्यामुळेच.

मग १७ सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्या वेळी नांदेड जिल्हा अख्खाच्या अख्खा इकडे आला नाही. देगलूर तालुक्यातलीच बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं आंध्र प्रदेशाकडे गेली. आज ती तेलंगणात आहेत. एका तालुक्याच्या दोन राज्यांत चिंध्या झाल्या म्हणा. आणि १९६० ला महाराष्ट्र झाला.

आता विचार करा. ज्याने आयुष्यभर उर्दूवर पकड मिळवली, त्याच्या पुढच्या पिढीसमोरच्या कचेरीत मराठी आणि इंग्रजी आली. माणूस तेवढाच हुशार होता आणि कागदही खरा होता. फरक एवढाच पडला की तो कागद मागणारं सरकार राहिलं नाही. हा आपला पहिला धडा, आणि तो पुढे चार वेळा परत येणार आहे.

दुसरा कागद: तीस, चाळीस, आणि खडखडाट

महाराष्ट्र झाला तशी सरकारी कचेरीची दुसरी अट पक्की होत गेली: टायपिंग. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात जुन्या माणसाला विचारा, एसटी स्टँडजवळ किंवा मेन रोडला माडीवर एक टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. खालून जाताना खडखडाट ऐकू यायचा. मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ३०, इंग्रजी ४०. हे आकडे म्हणजे मिनिटाला किती शब्द. परीक्षा घ्यायचं सरकारच, पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद.

मशीनही देशी होती. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढे 'प्रायमा' नावाचं त्यांचं मॉडेल कचेऱ्यांमध्ये सगळीकडे दिसायचं.

ह्या टायपिंगच्या सर्टिफिकेटात तीन गोष्टी होत्या, त्या मी सावकाश सांगतो, कारण आजचं कोणतंही सर्टिफिकेट तपासताना ह्याच तीन गोष्टी लागतात.

एक, मागणारा ठरलेला होता. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं: मराठी ३० किंवा इंग्रजी ४०. दोन, ते मोजता यायचं. दहा मिनिटं बसवा, कळतं येतंय की नाही. पाठांतर करून टायपिंग पास होता येत नाही. तीन, फी शेतकऱ्याच्या घराला परवडायची आणि शिकायला गाव सोडावं लागत नव्हतं.

गोदरेजने २००९ च्या सुमारास टाइपरायटर बनवणं बंद केलं. २०११ मध्ये ती बातमी जगभर फिरली. मशीन संपली, मग सर्टिफिकेटही संपलं असेल ना? नाही. तीच परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. आज जिला आपण जीसीसी-टीबीसी म्हणतो ती तीच. म्हणजे मशीन मेली तरी कौशल्य जिवंत राहिलं, कारण मागणारा तिथेच होता. उर्दूच्या बाबतीत जे झालं त्याच्या बरोबर उलट.

शहरात काय चाललं होतं

आता थोडं देगलूरच्या बाहेर येऊ. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. तिथून देशी कंपन्यांना जागा मिळाली आणि प्रोग्रॅम लिहिणारी माणसं लागायला लागली. कॉलेजांत कॉम्प्युटर कुठे होते? नव्हतेच. ही पोकळी खासगी क्लासवाल्यांनी भरली. १९८१ ला एनआयआयटी, १९८६ ला मुंबईत अ‍ॅपटेक. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांमध्ये 'डिग्री करता करता एनआयआयटी कर' हे वाक्य त्या काळात रोजचं झालं.

ह्यांचं पाहून गल्लीबोळात क्लास निघाले. कोण काय शिकवतंय, कुणाचा डिप्लोमा खरा, कळेना. म्हणून १९९० च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने एक योजना आणली, डोएक. ओ, ए, बी, सी अशा चार पायऱ्या. क्लास खासगी असला तरी परीक्षा एकच, देशभर सारखी. हीच संस्था २०११ पासून नायलिट नावाने ओळखली जाते. मराठवाड्यासाठी तिचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या आवारात आहे. 'ओ लेव्हल' आणि 'सीसीसी' ही नावं तुम्ही सरकारी जाहिरातीत वाचली असतील, ती इथलीच.

पुण्यात १९८८ ला सी-डॅक स्थापन झालं, १९९१ ला त्यांनी 'परम' हा महासंगणक बनवला, आणि पुढे त्यांचा अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा डिप्लोमा इंजिनिअर पोरांसाठी नोकरीचा मोठा रस्ता झाला.

पण देगलूरच्या पोराला पुणे ४०० किलोमीटरच्या वर. हैदराबाद २०० च्या आसपास, आणि बसने थेट. त्यामुळे आमच्याकडची बरीच पोरं पश्चिमेला न जाता दक्षिणेला गेली. १९९८ ला हैदराबादेत सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, हायटेक सिटी उभी राहायला लागली, आणि त्याच शहरात अमीरपेठ नावाचा भाग सॉफ्टवेअरच्या कोचिंगचा बाजार झाला. मैत्रीवनम बिल्डिंगच्या आसपास भिंत दिसत नाही इतके बोर्ड. जावा, ओरॅकल, सॅप, टेस्टिंग. शिकवणाऱ्याच्या नावावर बॅच भरते, फी मोठ्या ब्रँडपेक्षा कमी.

अमीरपेठेची गंमत अशी की तिथल्या क्लासच्या सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही. तिथला मागणारा म्हणजे इंटरव्ह्यू घेणारा, आणि तो कागद बघत नाही, 'हे लिहून दाखव' म्हणतो. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

तिसरा कागद: एमएस-सीआयटी

आता आपल्या गोष्टीतला सगळ्यात मोठा कागद. २००१ साली महाराष्ट्र सरकारच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं. विवेक सावंत यांनी ते बरीच वर्षं चालवलं. त्यांचा पहिला आणि सगळ्यात गाजलेला कोर्स म्हणजे एमएस-सीआयटी. त्याचं सर्टिफिकेट मिळायचं महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं.

ह्यात नवीन काय होतं? टायपिंगचं तत्त्व त्यांनी कॉम्प्युटरला लावलं. सरकारने प्रत्येक गावात स्वतःचं केंद्र बांधलं नाही. गावातल्या कुणीतरी दहा-वीस कॉम्प्युटर आणायचे, केंद्राची मान्यता घ्यायची, शिकवायचं गावात. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक आणि तीही कॉम्प्युटरवरच. शिवाय मराठीतून शिकता यायचं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला 'फाइल', 'फोल्डर', 'सेव्ह' हे पहिल्यांदा तिच्या भाषेत कुणीतरी समजावून सांगितलं. ज्या मुलींना शिकायला नांदेडला पाठवलं नसतं, त्या गावातल्याच केंद्रावर चालत गेल्या.

आणि मागणारा? सरकार स्वतः. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्य सरकारने नोकरीत असलेल्यांना आणि नव्याने लागणाऱ्यांना कॉम्प्युटरचं ज्ञान बंधनकारक करायला सुरुवात केली. नोकरीत असलेल्यांनी मुदतीत पास केलं नाही तर वेतनवाढ रोखायची, इथपर्यंत. त्यामुळे एक अजब चित्र तयार झालं. पन्नाशीतले गुरुजी आणि त्यांचीच विद्यार्थिनी एका बॅचला शेजारी शेजारी बसलेले. गुरुजी माउसला भीत आहेत आणि पोरगी सांगतेय, 'सर, दोनदा क्लिक करा, पण लवकर लवकर.'

४ फेब्रुवारी २०१३ चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय तर आजही भरतीच्या जाहिरातीत तारखेसकट छापून येतो. कोणकोणती सर्टिफिकेटं चालतील त्याची यादी त्यात आहे: एमएस-सीआयटी, किंवा डोएक-नायलिटचं सीसीसी, ओ, ए, बी, सी यांपैकी एखादं. बऱ्याच पदांना नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत मिळवण्याची सवलतही असते. म्हणजे घाबरून 'एमएस-सीआयटी नाही म्हणून फॉर्म भरला नाही' असं करू नका, जाहिरात पूर्ण वाचा.

एमकेसीएलच्या सांगण्यानुसार एक कोटीहून जास्त लोकांनी हा कोर्स केलाय. राज्याच्या लोकसंख्येशी ताडून बघा म्हणजे आकडा केवढा आहे ते कळेल. आणि ह्या कोर्सने गावोगावी एक वर्ग तयार केला: सेतू केंद्रात, आपले सरकार केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, पतसंस्थेत, कृषी सेवा केंद्रात कॉम्प्युटर चालवणारा. सातबारा ऑनलाइन झाला, पीकविमा ऑनलाइन झाला, तेव्हा रात्री जागून फॉर्म भरणारी हीच पोरं होती. त्यांना कुणी 'आयटी' म्हणत नाही, पण राज्याचा डिजिटल कारभार जमिनीवर ह्यांनीच चालवला.

आता कडू भाग. एमएस-सीआयटीच्या नावात 'आयटी' आहे, म्हणून कित्येक घरांत समज झाला की हे केलं म्हणजे आयटीत नोकरी. असं नाही. हा साक्षरतेचा कोर्स आहे. ड्रायव्हिंग लायसन्स असलं म्हणून कुणी मेकॅनिक होत नाही, तसं. सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात एमएस-सीआयटी कुणी मागत नाही. यात कोर्सचा दोष नाही. तो ज्या दारासाठी बनला, तिथे तो आजही चालतो.

चौथा कागद: कंपन्यांची सर्टिफिकेटं

मग आयटीवाले काय मागतात? इथे आपल्याला अमेरिकेत जावं लागेल, कारण तुम्ही विचारता ती बहुतेक नावं तिथून आलीत.

१९८० च्या दशकाच्या शेवटी नॉव्हेल नावाची कंपनी ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं नेटवेअर नावाचं सॉफ्टवेअर विकायची. विकल्यावर ते बसवणार कोण, बिघडलं तर बघणार कोण? तेवढी माणसं कंपनीकडे नव्हती. मग त्यांनी बाहेरच्या लोकांना शिकवून, परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायला सुरुवात केली. त्याला म्हणायचे सीएनई. काही वर्षं ह्या तीन अक्षरांना सोन्याचा भाव होता.

मायक्रोसॉफ्टने बघितलं, १९९० च्या दशकात आपली परीक्षा आणली, आणि एमसीएसई जन्माला आलं. विंडोजने नेटवेअरचा बाजार खाल्ला आणि सीएनईवाल्यांचं सोनं पितळ झालं. उर्दूच्या पिढीचं जे झालं तेच, फक्त इथे राज्य बदलायच्या ऐवजी कंपनी बदलली.

एमसीएसईचं पुढे काय झालं तेही ऐका. मागणी इतकी वाढली की प्रश्न-उत्तरांचे संच बाजारात विकायला लागले. पोरं पाठ करून पास. कामावर आली की सर्व्हर चालू करता येईना. अशांना तिकडे 'पेपर एमसीएसई' म्हणायला लागले, आपल्याकडे कागदी पहिलवान म्हणतात तसं. शेवटी २०२१ च्या जानेवारीअखेर मायक्रोसॉफ्टनेच एमसीएसई बंद करून टाकलं आणि क्लाउडच्या कामांप्रमाणे नवीन परीक्षा लावल्या.

दुसरीकडे एक वेगळा प्रयोग झाला. १९८२ मध्ये कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदारांची एक संघटना निघाली, तीच पुढे कॉम्पटिया झाली. त्यांचं दुखणं साधं होतं. मशीन दुरुस्त करणारा पोरगा कोणत्या कंपनीची मशीन उघडेल सांगता येत नाही. म्हणून १९९३ ला त्यांनी 'ए प्लस' काढलं, कोणत्याही एका कंपनीला न बांधलेलं. हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, थोडं नेटवर्क. हे खऱ्या अर्थाने पहिल्या नोकरीचं सर्टिफिकेट होतं.

सिस्कोने उलट्या बाजूने सुरुवात केली. १९९३ ला सगळ्यात अवघड परीक्षा सीसीआयई, आणि पाच वर्षांनी, १९९८ ला, नवशिक्यांसाठी सीसीएनए. रेड हॅटने १९९९ ला लिनक्सची परीक्षा आणली, तिच्यात पर्याय निवडायचे नसतात. समोर मशीन असते, काम करून दाखवायचं. बघा, टायपिंगच्या दहा मिनिटांसारखंच! आणि २०१३ पासून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, एडब्ल्यूएसची सर्टिफिकेटं सुरू झाली. त्यातलं अगदी प्राथमिक 'क्लाउड प्रॅक्टिशनर' २०१७ चं.

आणखी एक बदल झाला, तो खिशाला लागतो. आधी ए प्लस एकदा पास झालं की जन्मभर. २०११ पासून नवीन मिळणारं तीन वर्षांत संपतं. सीसीएनए तीन वर्षं, एडब्ल्यूएस तीन वर्षं. तुमच्या आजोबांचं टायपिंगचं सर्टिफिकेट पेटीत ठेवलं तरी खरं होतं. तुमचं दर तीन वर्षांनी नूतनीकरणाला येणार.

पैसा कुठे बुडतो

माझ्या ओळखीचा एक मुलगा, देगलूरजवळच्या खेड्यातला. वडिलांनी त्या वर्षीचं सोयाबीन विकून आलेली रक्कम एका मोठ्या शहरातल्या इन्स्टिट्यूटला भरली. बोर्डावर लिहिलेलं, १०० टक्के प्लेसमेंट. सहा महिने शिकला, शेवटी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं. त्यावर सही त्याच इन्स्टिट्यूटच्या मालकाची. ते सर्टिफिकेट घेऊन तो जिथे जिथे गेला तिथे त्याला एकच विचारलं, 'हे काय आहे?'

आपला खिशातला प्रश्न काढा. हा कागद मागतंय कोण? त्याच्या बाबतीत कुणीच नव्हतं. विकणारा होता, घेणारा होता, मागणारा नव्हता.

त्या पोराचं पुढे बरं झालं. तो नांदेडला एका कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात लागला. दिवसा मशीन उघडायचा, रात्री ए प्लसचा अभ्यासक्रम यूट्यूबवर फुकट बघायचा. परीक्षा दिलीच नाही, फी झेपणारी नव्हती. पण दीड वर्षात त्याला हैदराबादेत सपोर्ट डेस्कला काम मिळालं, कारण इंटरव्ह्यूमध्ये विचारलेलं सगळं त्याने हाताने केलेलं होतं. पगार सुरू झाल्यावर स्वतःच्या पैशाने सीसीएनए केलं. आता नेटवर्क टीममध्ये आहे. क्रम बघा: आधी काम शिकला, मग नोकरी, मग सर्टिफिकेट.

मग करू काय?

आता हिशोब तुमच्या हातात देतो. फीचे आकडे रेकॉर्डिंगच्या वेळचे आहेत, भरण्याआधी वेबसाइटवर बघून घ्या.

सरकारी नोकरीची तयारी करताय? मग एमएस-सीआयटी किंवा सीसीसी, आणि लिपिकाचं पद डोक्यात असेल तर टायपिंग. यात लाजायचं काही नाही. त्या दारात सीसीएनए चालत नाही, हेच चालतं.

हार्डवेअर, सपोर्ट डेस्कला जायचंय? ए प्लसचा अभ्यासक्रम पूर्ण शिका. परीक्षा दोन पेपरची आणि डॉलरमध्ये आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ती सक्तीची नसते, म्हणून आधी शिका, परीक्षेचं नंतर ठरवा.

नेटवर्कमध्ये रस आहे? सीसीएनए अजूनही वजनदार आहे. फी ३०० डॉलर, म्हणजे रुपयात पंचवीस हजारांच्या पुढे. म्हणून आधी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर घ्या, ते फुकट आहे. घरच्या लॅपटॉपवर खोटं नेटवर्क उभं करा. दोन महिने रोज एक तास मन लागलं तरच फीचा विचार करा.

लिनक्स आवडतंय? रेड हॅटची पहिली परीक्षा आरएचसीएसए. हाताने काम करून दाखवायची असल्यामुळे तिला मान आहे. लिनक्स स्वतः तर फुकटच.

क्लाउड? प्रॅक्टिशनरची परीक्षा १०० डॉलरची. ओळख म्हणून चांगली. पण तेवढ्यावर फ्रेशरला नोकरी मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्याला विचारा, कोणत्या जाहिरातीत लिहिलंय दाखवा. क्लाउडच्या खाली नेटवर्क आणि लिनक्सच असतं. पाया आधी.

आणि माझ्यासारखं कोड लिहायचं असेल? इथे अमीरपेठेचा नियम लागतो. फ्रेशर घेणाऱ्या मोठ्या कंपन्या स्वतःची परीक्षा घेतात, टीसीएसची एनक्यूटी हे त्यातलं एक उदाहरण, आणि पुढे कोड लिहून दाखवायला सांगतात. डिग्री लागते, पण तिच्या वर सर्टिफिकेटांचा ढीग लावून फारसा फरक पडत नाही. स्वतः लिहिलेला, चालणारा एक प्रोग्रॅम दाखवा. देगलूरच्या आडत बाजाराचे रोजचे भाव मोबाइलवर दाखवणारं साधं अ‍ॅप असलं तरी चालेल, फक्त त्यातली ओळन् ओळ समजावून सांगता आली पाहिजे. आणि कागद पाहिजेच असेल तर आयआयटींचं एनपीटीईएल आहे. शिकणं फुकट, परीक्षेची फी हजार रुपयांच्या आसपास, परीक्षा केंद्रावर बसून द्यायची, त्यामुळे कागदाला अर्थ आहे.

शेवटी एक गृहपाठ, रविवारी दुपारी दोन तास. मोबाइलवर नोकरीच्या कोणत्याही साइटवर जा. तुम्हाला पाहिजे ते पद टाका, फ्रेशर निवडा, शहर पुणे आणि हैदराबाद. तीस जाहिराती उघडा. वहीत चार रकाने करा: कोणतं सर्टिफिकेट मागितलंय, कोणतं 'असल्यास उत्तम' म्हटलंय, कोणती कामं लिहिलीत, कोणत्या टूलचं नाव परत परत येतंय. क्लासवाल्याने सांगितलेलं सर्टिफिकेट तीस जाहिरातींत एकदाही दिसलं नाही, तर फी भरू नका. घरी आप्पांना, भाऊंना ती वही दाखवा. पैसे त्यांचे आहेत, त्यांनाही कळू द्या बाजारात काय मागतात ते. शेतमालाचा भाव बघितल्याशिवाय ते गाडी भरत नाहीत, त्यामुळे ही वही त्यांना पटकन समजेल.

तुमच्या तीस जाहिरातींत काय सापडलं ते मला पाठवा, व्हॉइस नोट केली तरी चालेल. त्यातून मराठवाड्याच्या पोरांसाठी एक यादी बनवू आणि ती पुढच्या भागात वाचू. तोवर, काय करायलात ते मन लावून करा. भेटू!